मधल्या वाडीची तंबाखूमुक्ती

मधल्या वाडीतल्या पुरुषांची तंबाखू सुटली ती काही डॉक्टरांच्या भाषणानं नव्हे. ती सोडवली विमलानं. मुंबईला गेलेले वाडीतले गडी साठीच्या आतच अँब्युलन्समधून घरी येऊ लागले, कुणाचा गाल गेलेला, कुणाची छाती, तेव्हा तिनं वाडीच्या बैठकीत ठराव करून घेतला: ज्याच्या तोंडात तंबाखू, त्याला गणपतीत जाखडी नाचायला जागा नाही. कोकणातला माणूस एक वेळ जेवण सोडील, जाखडी नाही सोडायचा. तिचा धाकटा दीर दत्ताराम जाखडीत सर्वांत पुढचा. तो चार दिवस मांजरावरही गुरगुरला आणि मग तंबाखूची पुडी, चुन्याची डबी स्वतःच वहाळात सोडून आला. त्यामागोमाग बाकीचे सुटले.

आता सरपंचांनी ‘तंबाखूमुक्त वाडी’ अशी पाटी रंगवून घेतली होती. दापोली तालुक्यात अशी पाटी लावणारी आपलीच वाडी पहिली, हे विमलानं बाजारात ओळखीच्यांना सांगून झालं होतं, अनोळख्यांनाही.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी तेजस्वी आली. ही गावातल्याच बौद्धवाडीची पोर, उपकेंद्रात नर्स झालेली. पाटी लावा, म्हणाली, पण त्याआधी सगळ्यांची तोंडं एकदा बघते. पुरुषांनी बाजारातल्या बैलांसारखे दात दाखवले. मग तिनं बायकांना पुढं बोलावलं, तशा बायका हसायला लागल्या. तंबाखू खातात ते बाप्ये, आम्ही कुठं हात लावतो, असं त्या म्हणाल्या, आणि म्हणताना मशेरीनं काळे झालेले दात सगळ्यांना दिसले.

ती मशेरी विमलाच्या हातची. मागल्या दारी ती तव्यावर भाजायला बसली की वाडीभर ठसका उठायचा, आणि ठसका ओसरला की बायका डब्या घेऊन दारात हजर. इतकी मऊ पूड दुसऱ्या कुणाला साधत नसे, याचा तिला भारी तोरा. दिराला वहाळात सोडायला लावली तीच पानं आपण तव्यावर टाकतो, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

तेजस्वी एवढंच म्हणाली, “काकी, भाजली म्हणून तंबाखूचं गोत बदलत नाही.”

विमला उसळली. मशेरी दात घासायची वस्तू, सासूबाई नव्वदीला गेल्या त्या बत्तीस दात घेऊन, वगैरे. तेजस्वीनं वाद घातला नाही. कमलाकाकीला तेवढं तोंड उघडायला सांगा, म्हणाली.

कमला, दत्तारामाची बायको, विमलाची धाकटी जाऊ, पदर तोंडाला लावून मागं उभी होती. शिमग्यापासून ती स्वतःची आमटी तिखट घालायच्या आधीच काढून ठेवायची आणि उष्णता झालीय म्हणायची. चुलीपाशी हे सगळ्यांना ठाऊक होतं. विमलाला सर्वांत जास्त.

कमलानं मान हलवली. “उद्या पाटी लागूंदे, वैनी. माझ्या तोंडापायी वाडीचं नाव नको जायला.”

विमलानं हिशेब मांडला. तो फार लांबला नाही. “पाटी पेंटर परत रंगवील गो. जाऊ कोण रंगवणार?” असं म्हणून ती स्वतःच तेजस्वीसमोर स्टुलावर बसली. “बघ. वाडीतलं सगळ्यांत काळं तोंड आधी बघून घे.”

तिच्या मागोमाग कमला बसली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही, तेजस्वी म्हणाली, पण तो असाच सुरू होतो, आणि आता धरला तर थांबतो.

दुसऱ्या दिवशी भर ग्रामसभेत विमला उभी राहिली. पाटी लावू नका, म्हणाली. बाप्यांनी शब्द पाळला, आम्ही बायका नकळत का होईना, खोटं बोललो. मग दत्ताराम उठला. हा आता सगळं उट्टं काढणार, आणि काढायचा त्याला हक्कही होता.

“वैनी, ठराव बायकांनाही लावा,” तो म्हणाला. “जिच्या डबीत मशेरी, तिला गौरीपुढं फुगडी नाही.” मग खाली बघत म्हणाला, “आणि हिला आजच दापोलीला नेऊया.”

दापोलीच्या डॉक्टरांनी चट्ट्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आणायला दोघी जावा गेल्या. कमला आतून बाहेर आली ती पदर खांद्यावर टाकून. कॅन्सर नव्हता. मशेरी कायमची बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

विमलानं कागद उलटासुलटा पाहिला, डोळे पुसले आणि परत बाकड्यावर बसली. कमला म्हणाली, चला, एस.टी. जाईल.

“जाऊंदे, दुसरी मिळंल,” विमला म्हणाली. शेजारी केळशीची एक बाई बसली होती, हातभर बांगड्या, मशेरीनं काळे दात, गुडघेदुखीसाठी आलेली. विमलानं तिच्या हातातला केसपेपर हलकेच काढून घेतला. “हिला आधी आत पाठवते. गुडघ्याचं मागनं बघतील. चल गो बाय, ऊठ. मी हाय ना संगती.”