दुलीचंदचा बेलभंडार

बालाघाटकडं, हट्ट्याच्या पलीकडच्या एका गावात पंचाची निवडणूक लागली आणि देवांना घडीची उसंत मिळेना. धानाचा व्यापारी दुलीचंद उभा राहिला. त्यानं अख्ख्या वॉर्डाला महादेवाच्या देवळात पोहे चारले आणि एकेकाच्या हातावर बेलाचं पान, हळदीचा भंडारा ठेवून वदवून घेतलं, "मत दुलीचंदलेच!" गोदाबाईनंही बेलभंडार उचलला. पोहे पोटात गेले होते, सारं गाव टकमक बघत होतं, मग नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

घरी आली आणि मटकन बसली. बाई गं! उमेदवारांत लीलाबाईही होती, बौद्ध वस्तीतली. गोदाबाईची लेक साधना बाळंतपणात अडली, तेव्हा लीलाबाईनंच गाडी जुंपून तिला बालाघाटच्या दवाखान्यात पोचवलं होतं. तेव्हा जन्मलेला नातू आता अंगणात कोंबड्यांच्या मागं धावत होता. आणि "तू उभी राह्य व, माह्यं मत तुलेच," असं म्हणून लीलाबाईला भरीस कोणी घातलं? याच गोदाबाईनं!

तशीच उठून ती लीलाबाईकडं गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली.

"मंग मी बी तुले शपथ घालू का?" लीलाबाईनं डोळे मिचकावले.

"कोनाची घालशीन व? तुमी त देव सोडले!"

"हौ, म्हनून त मी पोह्यायले गेली नाही!"

दोघी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पण हसू ओसरलं तशी गोदाबाई पुन्हा रडकुंडीला आली. "शपथ मोडली अन् नातवाले काही झालं त?"

"ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हनलं का सुटते. लेकरायले बी मालूम हाय."

"दुलीचंद काहून म्हनीन?"

गोदाबाई पदरानं डोळे पुसत घरी परतली.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं ही रांग! दुलीचंद फाटकाशी हात जोडून उभा, पलीकडं तिसरा उमेदवार मोतीलाल. तेवढ्यात दुलीचंदची बायको अंजना दारापर्यंत गेली आणि तिथंच हमसून रडायला लागली.

"काहून रडून राह्यली? जाय ना आत!" दुलीचंद खेकसला.

"तुमाले कशी मत देऊ जी? मोतीलालभाऊच्या घरी हळदीकुंकू होतं. साऱ्या बायकायनं देवीच्या पायावर हात ठेवून त्यायलेच मत देतो म्हनलं. देवीले नाही कशी म्हनू?"

रांगेत असा काही हशा पिकला की विचारू नका. दुलीचंदचं तोंड वांग्यासारखं काळंनिळं झालं. "देव का मतं मोजते? अशा शपथेले काही मतलब हाय का! मोतीलाल, सोड इची शपथ!"

मोतीलाल तोंड उघडणार, तोच गोदाबाई रांग सोडून पुढं झाली. म्हणाली, "थांबा, मोतीलालभाऊ! दुलीचंदभाऊ आमची सोडतीन, तवाच तुमी वहिनीची सोडा."

मोतीलाल मिशीत हसला. "बिलकुल सही!"

दुलीचंदनं गावाकडं पाहिलं, मग बायकोकडं. सख्खी बायको भर चौकात दुसऱ्याला मत देणार, ही नाचक्की कोण सोसेल? "सुटली! साऱ्यायची सुटली, झालं?"

"वहिनीची बी सुटली," मोतीलाल खुशीत म्हणाला.

"अन् बाकीच्या बायकायची?" गोदाबाईनं कमरेवर हात ठेवले. "का देवीनं एकट्या वहिनीलेच मोकळं करावं?"

रांगेतल्या बायका मोतीलालकडं अशा रोखून बघू लागल्या की बिचाऱ्याला म्हणावंच लागलं, "सुटली बाप्पा, सगळ्यायची सुटली!"

मग काय, धूम! बायका पदर खोचून खोलीत शिरल्या. गोदाबाईनं कंदिलाच्या चित्रावर, म्हणजे लीलाबाईच्या चिन्हावर, असा दाबून शिक्का मारला की टेबल हललं.

लीलाबाई निवडून आली. गोदाबाईनं महादेवापुढं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन धापा टाकत बौद्ध वस्तीत पोचली.

लीलाबाईनं हात पुढं केला, पण क्षणभर थांबली. "परसाद म्हनून नाही घेनार, गोदा."

"कोन म्हनते परसाद? शपथ नाही, काही नाही. खोबरं हाय व माय, खाय!"

लीलाबाईनं तुकडा दातानं तोडला आणि अर्धा गोदाबाईच्या तोंडात कोंबला.