घड्याळामागची चिठ्ठी

डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता एक दुकान डोळ्यांसमोर आणा. चार भिंती आणि त्यांवर घड्याळंच घड्याळं. एकात सव्वासहा, शेजारच्यात पावणेदोन, कोपऱ्यातलं तर बंदच! घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा हसून म्हणायचे, "आमच्याकडे कुणालाच उशीर होत नाही. हवी ती वेळ निवडा."

खरी वेळ फक्त त्यांच्या मनगटावर. एक घड्याळ दुरुस्त झालं, की मनगटावर पाहून ते वेळ लावत आणि तीच वेळ चिठ्ठीवर लिहीत. ती चिठ्ठी घड्याळाच्या पाठीवर चिकटवायचं काम नातीचं. ती सारखी पळायची, म्हणून आजोबा तिला 'सेकंदकाटा' म्हणत.

त्या सकाळी तिनं एक चिठ्ठी चिकटवली आणि आत अभ्यासाला गेली. अर्ध्या तासानं पुढची चिठ्ठी घ्यायला आली, तर कागदावर नुसत्या रेघोट्या! आजोबांचा उजवा हात लुळा पडला होता. ओठ एका बाजूला ओघळले होते. ते काहीतरी बोलत होते, पण शब्द कळत नव्हते.

"आत्या!" ती ओरडली.

आत्या धावत आली. तिनं वडिलांना कसंबसं आतल्या पलंगावर निजवलं. "पहाटेपासून मान मोडून बसलेत, दमणारच. जरा पडू दे, बरं वाटेल. मी साखरपाणी करते."

"पण त्यांचं तोंड वाकडं झालंय!"

"कवळी सरकली असेल गं. दादा संध्याकाळी कामावरून आला, की ठरवू काय ते."

दादा म्हणजे नातीचे बाबा. त्या घरात हे असंच चालायचं. नळ गळला तरी दादा, ताप आला तरी दादा!

तेवढ्यात दुकानात हाक आली. गल्लीतल्या निवृत्त परिचारिका आपलं गजराचं घड्याळ न्यायला आल्या होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. नातीनं त्यांना हाताला धरून आत ओढलं.

सिस्टरनी आजोबांकडे एकदा पाहिलं आणि आत्याच्या हातातला पेला काढून घेतला. "काही पाजू नकोस, ठसका लागून श्वासात जाईल. हा पक्षाघात आहे. रुग्णवाहिका बोलाव."

"दादाला विचारल्याशिवाय? थोडी विश्रांती मिळाली की..."

"अगं, मेंदूला विश्रांती नकोय, रक्त हवंय! रक्त अडलं, की दर मिनिटाला लाखो पेशी मरतात. हाड मोडलं तर जुळेल, मेलेली पेशी परत येत नाही. आजूबाजूच्या पेशी मात्र अजून तग धरून आहेत. त्या वाचवायच्या, की तुझ्या दादाची वाट बघायची?"

आत्यानं फोन उचलला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी लगेच मेंदूचा फोटो काढला. "रक्तस्राव नाही, गुठळी आहे. ती विरघळवायचं औषध आहे, पण ते साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे शेवटचे ठणठणीत कधी होते?"

आत्या गोंधळली. "मी पाहिलं ते चहाच्या वेळी. सात वाजता."

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे वेळ टळली."

"नाही टळली!"

सेकंदकाटा पुढे आली. शेवटचं दुरुस्त झालेलं घड्याळ तिच्या छातीशी होतं. निघताना घाबरून तिनं ते दुकानातून उचललं होतं, ते खाली ठेवलंच नव्हतं. तिनं ते उलटं केलं. पाठीवर वळणदार अक्षर होतं: दहा वीस.

"हे त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. उजव्या हातानं. वर मला म्हणाले, 'थुंकी नको लावूस, डिंक लाव.' अगदी स्पष्ट बोलले!"

डॉक्टरबाई वाकल्या. "नक्की?"

"नक्की. थुंकी लावणारच होते मी."

बाकीच्या तपासण्या जुळल्या आणि औषध सुरू झालं.

चार दिवसांनी आजोबा जड जिभेनं म्हणाले, "सेकंद...काटा." आत्या रडली. "साखरपाणी देत बसले होते मी," ती म्हणाली. त्यावर सिस्टर म्हणाल्या, "माया होती, माहिती नव्हती. आता माहिती आहे ना? मग चार जणींना सांग."

घरी आल्यावर आजोबांच्या उजव्या हातात घड्याळाची चावी आली. पहिल्या दिवशी ती हललीच नाही. आठवड्यानं पाव फेरा. महिन्यानं अर्धा. "उद्या पाऊण," ते बजावायचे, आणि कपाळावरचा घाम डाव्या हातानं पुसायचे. पूर्वीची सफाई सगळी परत आली नाही. काही पेशी गेल्या त्या गेल्याच. पण उरलेल्या राबत होत्या.

मुलांनो, तुमच्याही घरात कुणीतरी म्हणेल, 'जरा पडू दे, बरं वाटेल.' तेव्हा गप्प बसू नका. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यांतलं एक जरी अचानक दिसलं, तरी आधी घड्याळ पाहा आणि लगेच मदत बोलवा. मोठ्यांचा मान ठेवावा, पण त्यांची वाट पाहण्यात मोठ्यांचाच जीव घालवू नये.

आता सेकंदकाट्यानं पुढे काय केलं, ते ऐका. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी तिनं सगळी घड्याळं खाली उतरवली, आजोबांच्या मनगटावर पाहून एकेकाची वेळ लावली आणि प्रत्येकाच्या पाठीवर नवी चिठ्ठी चिकटवली: 'तोंड, हात, बोलणं. बिघडलं तर झोपवू नका, वेळ पाहा, निघा!'

डिंकानं चिकटवली बरं का, थुंकीनं नाही.