मशीनच्या कपाळावर कुंकू

ज्ञानेश्वर खोपकरांनी अर्धं आयुष्य हीथ्रोच्या धावपट्टीवरून बर्फ हाकलण्यात घालवलं, आणि त्यांची एकुलती एक लेक स्कॉटलंडच्या डोंगरावर तोच बर्फ गोंजारून पोट भरते, याला काय म्हणावं? उलटी गंगा, दुसरं काय! लंडनमधल्या हाउन्सलोच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "अक्षया काय करते हो हल्ली?" की ते आधी घसा खाकरायचे. मुलगी डॉक्टर असती, अकाउंटंट असती, तर एका शब्दात काम झालं असतं. "स्की रिसॉर्टला असते. घसरायच्या उतारावरचा बर्फ सारखा करायचं मशीन चालवते," असं सांगितलं की समोरचा "अरे वा" म्हणायचा आणि बटाटेवड्याकडे वळायचा. ज्ञानेश्वरांना राग यायचा तो त्या "अरे वा"चा. तुमच्या पोरांना चालवता येईल का ते धूड?

जानेवारीत तिचा फोन आला, तिच्या त्या लंडनी मराठीत. "बाबा, नवीन मशीन आलाय! शनिवारी पहिल्यांदा उतार उघडणार. बघायला या ना."

या म्हटल्यावर ज्ञानेश्वर कसले थांबतात! एडिनबरापर्यंत एक ट्रेन, पुढे दुसरी, आणि पिशवीत एक नारळ, दोन लिंबं, अक्षतांची पुडी आणि बायकोचा, मीनाक्षीचा, हळदकुंकवाचा करंडा. मीनाक्षी जाऊन तीन वर्षं झाली होती. नवं वाहन आलं की पूजा तिची, हा घरातला कायदा. पहिली सेकंडहँड गाडी आली तेव्हा तिनं भर रस्त्यात चाकांखाली लिंबं ठेवली होती आणि समोरचा गोरा शेजारी पडद्याआडून बघत होता. पुढं त्यानं नवी व्हॅन घेतली, तेव्हा स्वतःच दार वाजवून विचारलं, "मिसेस खोपकर, आमच्या गाडीला पण ते लाल लावाल का?" मीनाक्षी तेव्हा इतकी हसली होती की तबकातल्या अक्षता सांडल्या. ते आठवलं की ज्ञानेश्वरांना अजून एकट्यानं हसू यायचं, आणि मग घर फार मोठं वाटायचं.

अक्षयाच्या छोट्याशा फ्लॅटवर रात्री पिठलंभात झाला. पोरीनं पिठलं बरं केलं होतं, थोडं पातळ, पण बरं. जेवताना तिनं सगळं सांगितलं. यंदा बर्फ जेमतेम पडलाय. लाकडी कुंपणांशी वाऱ्यानं जो साठला, तो ओढून आणून लहान मुलांचा एक उतार कसाबसा झाकलाय. वर वीतभर बर्फ, खाली दगडच दगड. गेल्या वर्षी जुन्या मशीनचे बर्फ विंचरायचे मागचे दाते दगडावर घासून मोडले. त्या दिवशी ती चालवत नव्हती, पण ते कोण लक्षात ठेवतंय? आता हे नवं महागडं मशीन पुढचा बर्फ किती खोल आहे ते स्वतःच बघतं आणि तसं सांगतं.

"मर्डो म्हणाला, एक जरी दगड लागला तर एजन्सीचा ड्रायव्हर आणणार," अक्षया म्हणाली. मर्डो म्हणजे तिचा मॅनेजर.

"मग तू?"

"मी तिकिटाची खिडकीत. बाबा, अकरा विंटर मी हे केलंय. मला दुसरं काही आवडत पण नाही."

ज्ञानेश्वरांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. लंडनला बर्फ पडायचा तो वर्षाकाठी एखाददुसरा दिवस. शाळा बंद, पोरं रस्त्यावर, बाप लोक बागेत स्नोमॅन करताहेत, आणि ज्ञानेश्वर नेमके त्याच दिवशी गायब. एकदा सात वर्षांची अक्षया दारात लाल टोपी घालून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "आज नका ना जाऊ." ते गेले होते. जाणारच, विमानं अडकली होती! पण ती टोपी त्यांच्या डोक्यातून काही गेली नाही. पोरगी मोठी होऊन इतक्या लांब बर्फातच येऊन राहिली, ती आपल्यावरच्या रागानं तर नव्हे, असं त्यांना अधूनमधून वाटायचं. विचारायची काही छाती होत नव्हती.

सकाळी उजाडायच्या आधी दोघं शेडवर पोचले. अक्षया मर्डोशी बोलायला ऑफिसात गेली आणि ज्ञानेश्वरांना मोकळं रान मिळालं. मशीन मोठं देखणं होतं, लालभडक, पुढं रुंद पातं, खाली रबरी पट्टे. त्यांनी पट्ट्यांखाली लिंबं सरकवली, बाहेरच्या दगडावर नारळ फोडला. मग कुंकू ओलं केलं. लावायचं कुठं? पुढं दोन दिव्यांच्या मधोमध, बरोबर कपाळाच्या जागी, एक गोल काळी चकती होती. जणू त्याचसाठी ठेवलेली! त्यांनी आधी हळद लावली, मग ठसठशीत कुंकू, वर चार अक्षता. मनातल्या मनात म्हणाले, "मीनाक्षी, तुझ्याइतकं नीट नाही जमलं. गोड मानून घे."

अक्षया आली, नारळ बघून हसली, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बाजूनं वर चढली. ज्ञानेश्वर शेजारच्या सीटवर बसले. लिंबं चिरडली गेली. मशीन झोकात निघालं.

निम्म्या उतारावर जातं न जातं तोच समोरचा स्क्रीन लाल झाला आणि पोपटासारखा एकच धोशा सुरू झाला. मशीन जागच्या जागी थांबलं.

"पुढचं काही दिसत नाही म्हणतोय," अक्षया म्हणाली. तिनं बटणं दाबली, बंद केलं, चालू केलं. परत तेच. बाहेर वाऱ्याची दिशा बदलली होती, अंगाला ऊबदार लागत होता, आणि ऊबदार वारा म्हणजे बर्फाचा काळ. वॉकीटॉकीवर मर्डोचा आवाज आला. काय अडचण आहे? तिनं "दोन मिनिटं" म्हटलं, आणि परत तेच बटण दाबलं. खाली पार्किंगमध्ये गावातल्या पोरांना घेऊन गाड्या यायला लागल्या होत्या.

ज्ञानेश्वरांना ती काळी चकती आठवली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

"अक्षू," ते म्हणाले, "ती पुढची गोल काच आहे ना, दिव्यांच्या मधली..."

"हां?"

"तिला मी कुंकू लावलंय."

अक्षयानं कपाळावर हात मारला. "बाबा! That's the sensor! तो मशीनचा डोळा आहे!"

"मला वाटलं कपाळ."

"कपाळ? मशीनला कपाळ कुठे असतो? माझा जॉब जाईल, बाबा!"

ती रागानं खाली उतरली. ज्ञानेश्वरही धडपडत उतरले. ओलं कुंकू थंडीनं दगडासारखं घट्ट बसलं होतं. तिनं नखानं खरवडायला हात नेला तसे ते ओरडले, "नको! चरा पडला तर डोळा कायमचा जाईल." तिनं थर्मासकडे बघितलं. "गरम चहाही नको, काच तडकेल." मग त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा तळवा त्या चकतीवर दाबून धरला. हात बधिर झाला, तसा तिनं आपला ठेवला. तिचा गारठला की परत त्यांचा. लाल पाणी दोघांच्या मनगटांवरून बाह्यांत शिरत होतं. वाकल्यामुळे ज्ञानेश्वरांची टोपी पडली आणि ती घरंगळत पार खालपर्यंत गेली. ती उचलायला ते वळले आणि घसरून बदकन बसले.

अक्षयाला हसू आवरेना. रडू आणि हसू एकदमच आलं तिला. "उठा ना बाबा, कुंकू पुसा, लोक बघतायत!" असं म्हणत तीच हसत सुटली. ज्ञानेश्वर बर्फात बसल्या बसल्या तिच्याकडे बघत होते. लेक बर्फात हसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

काच मोकळी झाली. शेवटचा पिवळसर डाग तिनं मफलरनं टिपला. वर चढून मशीन चालू केलं, स्क्रीन हिरवा झाला. मग ती कामाला लागली. पातं जरा वर, जरा खाली, कुंपणाशी साठलेला बर्फ ओढून पातळ जागी पसरायचा, मागचे दाते अलगद टेकवायचे. ज्ञानेश्वर तिच्या हातांकडे बघत राहिले. बर्फ ढकलून बाजूला फेकण्यात कसलं कसब, ते तर त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. ही एकेक मूठ जपत होती. पुढच्या वेळी मंडळात कुणी विचारलं तर घसा न खाकरता सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

उतार वेळेत झाला. एकही दगड लागला नाही. मर्डोनं मागचे दाते वाकून नीट तपासले, मग अक्षयाच्या लाल झालेल्या बाह्यांकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. "सोमवारीही तूच," एवढंच म्हणाला आणि गेला. तिनं श्वास सोडला तो ज्ञानेश्वरांना दोन हात अंतरावरून ऐकू आला.

पोरांना उतारावर वर नेणारी लिफ्ट सुरू झाली. एक चिमुरडी वरून निघाली, डुलत डुलत, किंचाळत, पार खालपर्यंत न पडता आली. तिला बघून अक्षया एकदम हात हलवायला लागली.

"ओळखीची आहे?" ज्ञानेश्वरांनी विचारलं.

"नाही. सवय आहे. बर्फ पडला की आपल्या घरावरून विमानं बंद व्हायची ना? सगळं एकदम शांत. मी आणि आई खिडकीत बसायचो. मग पहिला विमान वरून गेला की आई म्हणायची, 'झालं बाई, बाबांनी रस्ता मोकळा केला!' आणि आम्ही दोघी त्या विमानाला हात करायचो. आई नाचायची पण. मला तेव्हाच वाटायचं, मी पण हेच करणार."

एवढी वर्षं! एवढी वर्षं ज्ञानेश्वरांना वाटत होतं की त्या खिडकीत दोघी रुसून बसलेल्या असतात.

"आणि हे मला आज सांगतेस?" ते जवळजवळ ओरडलेच. "तुझ्या आईनंही कधी सांगितलं नाही! एकदाही नाही!"

"कधी सांगणार, बाबा? तुम्ही यायचे आणि सोफ्यावर तसेच झोपायचे. आई म्हणायची, आवाज नको. मग तुमचे बूट ती काढायची, आणि मोजे मी."