ताडपत्रीच्या तीन खिडक्या

मित्रांनो, नाक मुरडण्याआधी थोडं ऐकून घ्या. मी एक जुनी ताडपत्री आहे. रायपुरात मला सगळे तिरपाल म्हणतात, म्हणोत बापडे! अंगाला डिझेलचा वास येतो, एका बाजूला भोकही पडलं होतं, पण एकेकाळी इथल्या भनपुरीच्या ट्रकवाल्यांत माझं नाव होतं.

गोल बाजाराजवळ मला शिवलं, काठांना पितळी कड्या ठोकल्या आणि मी थेट ट्रकवर चढले. तांदळाची पोती म्हणू नका, सिमेंट म्हणू नका, काय काय झाकलं मी! "हिच्यातून पाणी सोडा, वाराही शिरत नाही," असं ड्रायव्हर सांगायचे आणि मी फुगून जायचे. मग एका खिळ्यानं मला मुठीएवढं भोक पाडलं. झालं! नवी ताडपत्री आली आणि माझी रवानगी ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या मागे झाली. तिथे माझ्यावर मांजरी व्यायल्या, पण माणसानं ढुंकून पाहिलं नाही.

शेवटी त्याच ऑफिसातल्या रणजितनं मला उचललं. त्याची मुलगी अनुश्री चौथीतली, पण जिना चढली की धापा टाकायची. त्यांचं घर भनपुरीत, कारखान्यांच्या शेजारी; तिथे सकाळी ओटा पुसला तरी दुपारी पुन्हा काळी धूळ बसते. समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषध चालूच ठेवा, पण सुट्टीत पोरीला धूळ-धुरापासून लांब, मोकळ्या हवेत न्या." म्हणून डिसेंबरात महानदीच्या काठी, ओळखीच्या शेतात, बांबूंवर ताणून माझा तंबू केला.

अनुश्रीचे आजोबा वासुदेवराव पहिल्यापासून विरोधात. त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढण्यात गेली. "घर असून उघड्यावर काहून झोपाचं? पोट्टी आजारी पडली त याद राखा, पुन्हा कुठं नेऊ देणार नाही मी!" असं बजावूनच ते आले. म्हणजे पोरीची मोकळी हवा या एका खेपेवर टांगलेली. माझा जीव टांगणीला लागला होता.

आणि पोरगी खुलली हो! पहिल्या रात्री खोकल्याशिवाय झोपली. दुसऱ्या दिवशी वाळूतून पळत पाण्यापर्यंत गेली, वाटेत एकदाही थांबली नाही. परत येऊन चटणीशी तांदळाच्या पिठाचे चिले मागून मागून खाल्ले. दुपारी माझ्या भोकाला डोळा लावून पोपट बघत पडली. तिची आई अस्मिता डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "कित्ती दिवसांनी अशी खेळून राहिली ही!" मला माझ्या भोकाची लाज वाटेनाशी झाली.

संध्याकाळी बोचरा वारा सुटला. रणजित आणि अस्मिता हातपंपावर पाणी आणायला गेले. वासुदेवरावांनी धगधगती कोळशाची सिगडी उचलली आणि सरळ आत, अनुश्रीजवळ आणली. मग दार आतून दोरीनं करकचून बांधलं. भोकातून झुळूक येत होती, तिथे आपला मफलर कोंबला. "केबिनात मी साऱ्या थंड्या सिगडीवर काढल्या. मले काय झालं?"

अहो आजोबा, तुमच्या केबिनला तीन बाजूंनी खिडक्या होत्या! मी ओरडत होते, पण ताडपत्रीचं कोण ऐकतं?

मित्रांनो, जळत्या कोळशातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो साठत गेला आणि वारा न शिरू देणारी मी, त्याला बाहेर जाऊ देईना. माझाच मला संताप आला.

"आबा, मेरा सर दुख रहा है," अनुश्री म्हणाली.

"थंडीनं दुखते बेटा. पांघरून घे," असं म्हणता म्हणता आबांचीच मान खाली गेली.

तिनं त्यांना हलवलं. ते उठेनात. ती उभी राहायला गेली तर पाय लटपटले. दाराची गाठ तिच्या बोटांना सुटेना. मग सरपटत ती माझ्या भोकापाशी आली, मफलर उपसून काढला आणि तिथे तोंड लावून ओरडली, "मम्मी!"

किती बारीक हाक ती! पण अस्मितानं ऐकली. कळशी तिथेच टाकून दोघं धावले. रणजितनं दार ओढलं, गाठ हलेना. त्यानं भोकात दोन्ही हात घातले. मी आयुष्यभर फाटायला नकार दिला होता. त्या क्षणी म्हटलं, फाड बाबा, फाड लवकर! टर्रकन मी वरपासून खालपर्यंत फाटले आणि त्यांनी आजोबा-नातीला बाहेर काढलं. शेतमालकाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दोघं वाचले. माझ्या अंगात धाग्याधाग्यानं जीव परत आला.

घरी मात्र मी गच्चीवर चुरगळून पडले. "आता कुठंही जायचं नाही," अस्मिता म्हणाली. अनुश्री पुन्हा जिन्यात धापा टाकू लागली.

मग एका सकाळी वासुदेवराव कात्री घेऊन वर आले. "चूक माझी होती सूनबाई. पोट्टीची हवा काहून बंद करून राहिली तू?" असं खाली ओरडून सांगितलं आणि माझी फाटलेली बाजू चौकोनी कापली. मग दुसरी बाजू कापली, मग तिसरी. तिन्ही ठिकाणी मच्छरदाणीची जाळी शिवली. टाका सरळ होता. काही वेळानं अस्मिता वर आली आणि त्यांना सुई ओवून देऊ लागली.

मित्रांनो, उन्हात, वाऱ्यात खुशाल राहायला जा. तंबूला जपा, पण त्यात विस्तव कधी नेऊ नका आणि त्याच्या हवेची वाट बुजवू नका. उद्या आम्ही पुन्हा महानदीवर निघालोय. सिगडी आबांनी भंगारवाल्याला दिली, आणि मधल्या खिडकीशी अनुश्रीची जागा ठरली आहे.