माझा आवाज बारीक केला त्या दिवशी

मित्रांनो, डोंबिवलीच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये उभं आयुष्य काढलेला जुना मॉनिटर आहे मी. भूल दिलेल्या माणसाचं हृदय कसं चाललंय ते पडद्यावर दाखवायचं आणि प्रत्येक ठोक्याला 'टिक' म्हणायचं, एवढंच माझं काम. नवा होतो तेव्हा डॉक्टर म्हणायचे, "याच्याकडे बघावंसुद्धा लागत नाही, नुसत्या कानाने कळतं." ती शाबासकी मी जिवापाड जपली.

मग एके दिवशी हरिहरबुवा आले. मानपाड्याच्या देवळात तीस वर्षं कीर्तन करणारे. डावा कान लहानपणीच गालगुंडाने गेलेला. आता उजव्या कानामागे, कवटीच्या तळाशी, ऐकण्याच्या नसेवर गाठ झाली होती. ती काढायची आणि तो एकुलता कान राखायचा होता.

"पाय गेले तरी चालेल डॉक्टर, बसून कीर्तन करीन," बुवा म्हणाले. "कान तेवढा ठेवा."

वैशाली सिस्टर त्यांच्या कीर्तनाला नेमाने जाणारी. तिने फोनवर त्यांचंच कीर्तन लावलं. "बुवा, हे ऐकत झोपा."

"माझंच? मग तर लगेच झोप लागेल गं."

सगळे हसले. बुवा झोपले.

तेव्हाच फोन बंद करायला हवा होता. पण आरतीआधी कीर्तन मोडू नये, हे वैशालीच्या हाडीमाशी भिनलेलं. "आरतीपर्यंत राहू दे ना मॅडम," ती भूल देणाऱ्या रचना मॅडमना म्हणाली. मॅडमही भाविक. कीर्तनात माझी टिकटिक खुपत होती, म्हणून त्यांनी माझाच आवाज बारीक केला.

गाठ सोडवताना शेजारच्या, चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसेला ओढ बसली. ती नस ओढली गेली की कधी कधी हृदय आपोआप मंदावतं, रक्तदाब उतरतो. सर्जनने लगेच हात थांबवला की बहुतेकदा सावरतं. बुवांचे ठोके बहात्तरवरून चौतीसवर आले. मी लाल झालो, ओरडलो. पण झांजांचा गजर माझ्याहून मोठा होता. सलाईन बदलणाऱ्या मॅडमनी मान वळवली तोवर मिनिटभर गेलं होतं.

"सर, हात काढा. आधी हात काढा."

हृदय सावरलं. कान सावरला नाही.

"त्या मिनिटाने गेला की गाठ काढतानाच नस दुखावली, कोण सांगणार?" सर्जन म्हणाले. मलाही ठाऊक नाही. तेच मला खातं.

थिएटरमध्ये नवा मॉनिटर आला आणि मला बुवांच्या खाटेशी लावलं. पेटीवर साथ करणारी त्यांची मुलगी देवयानी समोर बसली होती. "बाबा, कसं वाटतंय?"

"पुटपुटतेस काय? मोठ्याने बोल."

ती मोठ्याने बोलली. मग आणखी मोठ्याने. बुवा तिच्या ओठांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनीच तिच्या तोंडावर हात ठेवला. "पुरे बाळ. घसा बसेल."

वैशालीने रडत रडत सगळं कागदावर लिहून दिलं. बुवांनी दोनदा वाचलं. "नाम चालू ठेवलंस, पोरी. रागावू कसा तुझ्यावर?" म्हणाले, आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला. मग गळ्यावर बोटं टेकवून हळूच गाऊ लागले.

"सुरात आहे ना गं?" त्यांनी देवयानीला विचारलं.

सूर पार उतरला होता. तिने हसून मान डोलावली.

मित्रांनो, कितीही गोड काही चालू असू द्या, राखणीला बसवलेल्याचा आवाज त्याखाली दाबू नका. आरतीसाठी देव थांबला असता.