मोठ्यानं वाचायची पुस्तकं

राहात्याच्या वाचनालयात मोहियोद्दीन शेख ग्रंथपाल होते. बाजारतळाजवळच्या दोन खोल्या, चार-सहा कपाटं आणि वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल, एवढाच सगळा पसारा. पण माणूस दारात चप्पल काढायला वाकला की तो कुठल्या कपाटाकडे जाणार हे त्यांना ठाऊक असायचं. रहस्यकथावाले खिडकीकडे वळत, ऐतिहासिक कादंबऱ्यांचे वाचक थेट आतल्या खोलीत जात. ज्याला जे हवं ते काढून द्यावं आणि आपण मध्ये तोंड घालू नये, असा त्यांचा शिरस्ता होता.

छबूबाई बाजाराच्या दिवशी येत. साठीच्या आसपासची बाई, सातवीपर्यंत शिकलेली. कौटुंबिक कादंबऱ्यांच्या कपाटाशी उभ्या राहून पहिलं पान वाचायच्या, पटलं तर पुस्तक पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवायच्या आणि जायच्या. सत्तर सालच्या दिवाळीनंतर त्या यायच्या बंद झाल्या. मग एका दुपारी त्यांचं राहिलेलं पुस्तक घेऊन एक उंच, वाकलेला म्हातारा आला.

"मी कारभारी. छबूबाईचा मालक," तो म्हणाला. "तिची नजर गेली. काचबिंदू हाय म्हनं. गेलेली नजर काय परत येत न्हाई, आसं डाक्टर बोलला."

 मोहियोद्दीननी पुस्तक घेतलं आणि उगाच पुसलं.

"तर मला तिच्यासाठी पुस्तक द्या. मी वाचून दाखवनार हाय."

"तुम्ही वाचता, काका?"

"कारखान्यात वजनकाट्यावर हुतो की जलमभर. गाडीवानाची नावं आन् उसाची वजनं वाचली. तेवढंच."

मोहियोद्दीननी छबूबाईंच्या आवडीच्या कपाटातली एक नवी कादंबरी दिली. हळवी, प्रेमाची. आठवडाभरात कारभारी ती परत घेऊन आले. पुस्तकाबद्दल विचारलं तर नुसती मान हलवली. दुसरी नेली, तीही तशीच परत आली. तिसरी नेली तेव्हा मात्र मोहियोद्दीन स्वतःच त्यांच्या घरी गेले.

ओसरीवर छबूबाई घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. शीर बोटांना बरोबर सापडत होती. कारभारी समोर बसून खणखणीत आवाजात वाचत होते. कादंबरीतली सुशीला, तिचे अश्रू, तिची आई, सगळं त्यांच्या तोंडून एकाच सुरात येत होतं, उसाच्या गाड्यांचा पुकारा व्हावा तसं. एके ठिकाणी ते अडखळले.

"हितनं म्होरलं पान फाटलंय."

"फाटलं न्हाई. तुमी लाजला," छबूबाई शांतपणे म्हणाल्या.

"शेजारी ऐकत्यात, छबू. ह्या वयात मी काय आसलं मोठ्यानं वाचू?"

मोहियोद्दीन खाकरले. त्यांचा आवाज ओळखून छबूबाईंनी पदर सारखा केला.

"बसा. ह्यांचा काय दोष न्हाई. पुस्तकातली बाई रडती आन् हे तिला काट्यावर घालत्यात," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पण हसू लवकर संपलं.

परत येताना मोहियोद्दीनच्या मनात एकच विचार होता. इतकी वर्षं त्यांनी पुस्तकं दिली ती डोळ्यांनी वाचायला. मोठ्यानं वाचायचं पुस्तक वेगळं असतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यातून वाचणारा कारभारींसारखा. त्याच्या आवाजाला पेलेल असं काहीतरी शोधायला हवं.

त्या दिवसापासून ते संध्याकाळी दोन-तीन पुस्तकं घरी नेऊ लागले. बायको रोशनबी चुलीपुढे भाकरी थापायची आणि ते पाटावर बसून वाचायचे. रोशनबीला पुस्तकांचं कधीच कौतुक नव्हतं. वर्णनं आली की ती आपली पीठ मळत राही. एका रहस्यकथेला मात्र तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

"मग? तो दरवाजा आतून बंद केला कुणी?" तिनं विचारलं.

मोहियोद्दीननी पुस्तक मिटलं. "हे कारभारीकाकांना देतो."

"आधी सांगून मग द्या," रोशनबी म्हणाली.

पुढच्या खेपेला कारभारी आले ते वेगळेच दिसत होते. टोपी टेबलावर ठेवून ते ऐसपैस बसले.

"शेवटचा भाग तिनं मला वाचूच दिला न्हाई. म्हनली, थांबा, मला इचार करू द्या. मी म्हनलो माळ्यानं खून केला. ती म्हनली, वकिलाचा कारकून. लई भांडलो आमी. आन् निघाला कारकूनच." ते हसले आणि मग जरा हळू बोलले, "लग्न झाल्यापास्नं इतकं बोलनं झालं न्हवतं आमच्यात."

त्यानंतर रहस्यकथांचा एक खण दोघांनी फस्त केला. मग मोहियोद्दीननी विनोदी गोष्टी दिल्या, त्या कारभारींना हसू आवरेना म्हणून अर्ध्यावर राहिल्या. ऐतिहासिक कादंबरीतल्या लढाया त्यांच्या आवाजाला इतक्या शोभल्या की गल्लीतली माणसं ओसरीखाली येऊन बसू लागली. भयकथा मात्र कारभारींनी लगेच परत आणून दिली.

"मलाच भ्या वाटलं," ते म्हणाले. "ती म्हनली, मला काय, अंधाराची सवय झालीया." एवढं बोलून ते टोपीची घडी सारखी करत राहिले.

मग पावसाळ्याच्या तोंडावर एकदा ते रिकाम्या हातानं आले आणि रिकाम्या हातानंच उठायला लागले.

"पुस्तक नको?" मोहियोद्दीननी विचारलं.

"ती नको म्हनती. म्हनली, तुमी दोघं ठरवता आन् मी ऐकते. गुळाची ढेप आनून ठेवावी तसं पुस्तक घरात येतं. माझं म्हनून काय ऱ्हायलंच न्हाई."

मोहियोद्दीनना ते लागलं. बायकोला विचारून, भाकऱ्या करपवून त्यांनी पुस्तकं निवडली होती. पण जिच्यासाठी निवडली तिला विचारलं नव्हतं. छबूबाई कपाटाशी उभ्या राहून पान चाळायच्या ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. तेव्हा मोहियोद्दीननी एकदाही 'हे घ्या' म्हटलं नव्हतं.

"काका, मावशींना इथं घेऊन या," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी छबूबाई नवऱ्याचं कोपर धरून आल्या. दाराशी क्षणभर थांबल्या, जुन्या कागदांचा वास घेतला आणि न सांगता टेबलाला वळसा घालून कपाटांपर्यंत गेल्या. मोहियोद्दीननी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी नाकारली.

"पहिलं पान वाचून दाखवतो. नको असेल तर ठेवा म्हणा," मोहियोद्दीन म्हणाले.

ते वाचू लागले. एक कौटुंबिक कादंबरी झाली. "ठेवा." एक दरोडेखोराची. "ठेवा." एक राजवाड्यातल्या कारस्थानाची. त्या जरा थबकल्या, पण "ठेवा" म्हणाल्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी पानं उलटायची थांबवली. खिडकीकडच्या कपाटापाशी उभा असलेला एक जण ऐकता ऐकता राजवाड्याचं पुस्तक हळूच उचलून घेऊन गेला. तो आजवर रहस्यकथांपलीकडे कधी गेला नव्हता.

तळाच्या खणात विज्ञानकथा होत्या. त्या फारसं कुणी नेत नसे. मोहियोद्दीननी काहीशा अनिच्छेनंच एक काढली. चंद्रावर एकटाच मागे राहिलेल्या माणसाची गोष्ट होती. त्याला आवाज ऐकू येत नव्हते, ओळखीची एकही वस्तू जवळ नव्हती, आणि हातानं चाचपत तो नव्या जागेत चालायला शिकत होता.

पान संपलं.

"ठेवू?"

"न्हाई. हे मला पायजे." त्यांनी हात पुढे केला. "चंद्रावर मानसं उतरली तवा रेडिओवर ऐकलं हुतं मी. समद्यांनी कसे गेले ते सांगितलं. तिथं पाय ठेवल्यावर कसं वाटलं आसल, ते कुनी सांगितलंच न्हाई."

कारभारींनी पुस्तक उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आगं, ह्यातलं शब्द माझ्या जिभंला वळायचे न्हाईत."

"या इकडं," मोहियोद्दीन म्हणाले.

दोघं टेबलाशी बसले. मोहियोद्दीन बोट ठेवून एकेक शब्द फोडून सांगू लागले आणि कारभारी तो मागोमाग म्हणू लागले. छबूबाई शेजारी उभ्या होत्या, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर.

"गुरुत्व... आकर्शन," कारभारी म्हणाले.

"गुरुत्वाकर्षण."

"त्येच म्हनलो."

"मला कळलं," छबूबाई म्हणाल्या. "चुकलं तरी वाचा. घरी चला आता."