पत्ता बरोबर होता

"मालक, गाडी सोडू नका!" गेट पास मुठीत धरून शिवलीला ओरडली, तसा ड्रायव्हरनं ट्रक बंद केला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात बारा वर्षं ती ऑर्डरींचे मेल सांभाळत होती. एवढा आवाज तिनं कधी चढवला नव्हता. महादेवप्पा मालक तरातरा बाहेर आले.

"आता काय झालं गं?"

"हुबळीच्या गिऱ्हाइकाकडनं गुरुसरांचा मेल आलाय. माल जुन्या गोदामात नको, नव्या पत्त्यावर पाठवा म्हणत्यात. मला काय खरा वाटंना."

"हिरवी खूण हाय का न्हाय त्यावर?"

"हाय की."

"मग? पाठवणारा खरा असल्याबिगर ती येत न्हाय, कुमार सांगून गेलाय." कुमार म्हणजे कॉम्प्युटरवाला.

"मेल त्यांच्याच खात्यातनं निघाला, एवढंच ती सांगती, मालक. पासवर्ड चोराला घावला, तर चोराच्या मेललाबी हीच खूण. शेजारच्यांचा माल असाच गेला की दिवाळीत!"

"अन् तुला संशय कशावरनं?"

शिवलीला घुटमळली. सांगावं तर हसतील, न सांगावं तर गाडीभर माल जाईल.

"गुरुसर कामाचं लिहायच्या आधी 'ऊट आय्ता?' विचारत्यात. जेवलात का म्हणून. बारा वर्षांत एकदाबी चुकले न्हाईत. ह्यात न्हाय."

मालकांनी कपाळावर हात मारला. "जेवणावरनं गाडी अडवली व्हय! पाचपर्यंत छडा लाव. न्हायतर गाडी जाईल, अन् उद्यापासनं तू घरी."

गुरुसरांचा मोबाईल बंद. ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारून जीव खात होता. नवरा गेल्यापासून शिवलीलाचं घर याच पगारावर उभं होतं. पुन्हा लावला, पुन्हा लावला. पावणेपाचला कुणीतरी उचलला.

"मेल आमचाच आहे, मॅडम. गोदाम बदललंय," पलीकडचा तरुण म्हणाला. मग हळू आवाजात, "गुरुसर मागच्या सोमवारी वारले. हार्ट अटॅक. त्यांच्या मेलवरून सध्या मीच लिहितो, खाली त्यांचं नाव तसंच राहिलंय."

तिनं गेट पास ड्रायव्हरला दिला. ट्रक गेला.

"बघ, पत्ता बरोबर होता की न्हाय!" मालक सुटल्यासारखे हसले. मग तिनं गुरुसर वारल्याचं सांगितलं, तसे तिचा चेहरा बघून चपापले. "अगं, कोण लागत होता तुझा?"

"कोन न्हाय," ती म्हणाली, आणि तिला हुंदकाच फुटला. गुरुसरांना तिनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

पदरानं डोळे पुसून ती कॉम्प्युटरपुढं बसली. गाडी निघाल्याचं कळवलं आणि खाली लिहिलं, 'यापुढं मेलमध्ये कृपया तुमचं स्वतःचं नाव लिहावं.'